बर्फ फुकट, बाकीचे विकत

‘घसरणे’ या क्रियापदाला मराठीत चांगले दिवस कधी आलेच नाहीत. पाय घसरतो, जीभ घसरते, भाव घसरतात, परीक्षेतले गुण घसरतात. अशा भाषेत वाढलेल्या माणसाला, पायांना दोन फळ्या बांधून डोंगरावरून मुद्दाम घसरत येणारे लोक प्रथम वेडे वाटतात आणि नंतर श्रीमंत वाटतात. पहिला समज चार दिवसांत जातो. दुसरा मात्र जाता जात नाही. कारण आल्प्समधली जी गावे आपल्या कानांवरून गेलेली असतात (झेरमाट, सेंट मॉरिट्झ, वाल दिझेर) ती खरोखरच पैसेवाल्यांची आहेत.

आम्ही बर्नला राहतो. घरात दोन मुले आणि मिळवते एकच. तरीही दर हिवाळ्यात आम्ही आठवडाभर स्कीइंगला जातो. आमचा पोस्टमन जातो, मुलांच्या शाळेतल्या बाई जातात, खालच्या मजल्यावरचा सुतार तर तीन मुलांना घेऊन जातो. ही मंडळी झेरमाटला जात नाहीत. आल्प्सच्या आडव्यातिडव्या खोऱ्यांत शेकडो लहान गावे आहेत. तिथे चारदोन पाळणे, एखादी शिकवणी आणि एक बेकरी असते, आणि बाहेरच्या जगाला त्यांचे नावही ठाऊक नसते. स्वित्झर्लंड, फ्रान्स, ऑस्ट्रिया आणि इटली या देशांतली सामान्य घरांतली मुले बर्फावर उभी राहायला शिकतात ती बहुधा अशाच ठिकाणी. ती स्वस्त का पडतात आणि किती दिवस टिकतील, हे दोन प्रश्न वरवर वेगळे दिसले तरी त्यांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते.

बर्फ आकाशातून पडतो आणि त्याचे पैसे कोणी मागत नाही. पैसे जातात ते वर नेणाऱ्या लिफ्टला, रात्रीच्या अंथरुणाला, फळ्या-बुटांना, शिकवणाऱ्याला, खाण्याला आणि प्रवासाला. यांतली लिफ्ट आधी समजून घेतली पाहिजे.

पूर्वी लिफ्ट नव्हतीच. शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉइल १८९४ च्या मार्च महिन्यात दोघा स्थानिक भावांबरोबर दावोसहून खिंड ओलांडून आरोसाला स्कीवरून गेला, तेव्हा चढ त्याला स्वतःच्या पायांनीच चढावा लागला. मग १९३४ साली दावोसलाच बोल्गेन नावाच्या उतारावर एर्न्स्ट कोन्स्टाम या अभियंत्याने माणसांना ओढून नेणारी दोरी बसवली. फिरत्या दोरीला लोंबणारे आकडे, त्यांना कंबर टेकवून उभे राहायचे, पायांतल्या फळ्या आपोआप वर सरकतात. दिवसातून दोनदा उतरणारा माणूस वीसदा उतरू लागला, आणि खेळाचा धंदा झाला.

या धंद्याचे अर्थशास्त्र एस. टी.च्या गाडीसारखे आहे. गाडी भरलेली असो वा रिकामी, डिझेल आणि ड्रायव्हर लागतातच. लिफ्टवर दहा माणसे बसोत की हजार, वीज, तपासणी आणि पगार चुकत नाहीत. म्हणून मोठ्या भांडवलवाल्यांनी गर्दी गोळा करण्याचा मार्ग धरला. फ्रान्समध्ये तर १९६४ पासून सरकारनेच योजना आखून, वृक्षरेषेच्या वर जिथे उन्हाळ्यात फक्त गुरे चरत असत अशा कुरणांवर हजारो खाटांची नवी गावे वसवली. ला प्लान्य, ले मेन्वीर ही त्यांतलीच. १९७७ साली राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्तँ यांनी वालुईझ येथील भाषणात या धोरणाला आवर घातला, पण तोवर व्हायचे ते झाले होते. ‘त्र्वा व्हाले’ म्हणजे ‘तीन खोरी’ या नावाने एकमेकांना जोडलेल्या उतारांची लांबी आज सहाशे किलोमीटर भरते. जवळजवळ मुंबई ते पणजीचा रस्ताच!

आता मुद्दा असा, की सात वर्षांचे पोर पहिला आठवडाभर घसरते ते दोनशे मीटरच्या एकाच उतारावर. आईबापही साधारण तिथेच. उरलेल्या किलोमीटरांचे भाडे मात्र तिकिटात धरलेले असते. लहान गावात पाळणे जुने असतात, त्यांचे कर्ज बहुधा फिटलेले असते, जमीन पुष्कळदा गावाच्या समाईक मालकीची असते, आणि तिकिटाच्या खिडकीत बसलेली बाई उन्हाळ्यात गाई राखते. स्वस्ताईचे मूळ हे आहे.

अंथरुणाचे गणित जागेपेक्षा वेळेवर अधिक अवलंबून असते. फ्रान्समध्ये शाळांच्या हिवाळी सुट्ट्या देशाचे तीन विभाग पाडून पाळीपाळीने देतात, आणि ज्या पंधरवड्यात पॅरिसच्या शाळा सुटतात त्यात आल्प्समध्ये उंदरालाही बीळ मिळत नाही. स्वित्झर्लंडमध्ये प्रत्येक कँटनचा आठवडा निराळा. या सुट्टीला इथे ‘क्रीडा-सुट्टी’ म्हणतात; पण तिचा उगम खेळात नाही. दुसऱ्या महायुद्धात कोळशाची टंचाई पडली, वर्ग तापवणे परवडेना, म्हणून हिवाळ्यात शाळा बंद ठेवल्या. युद्ध संपले, कोळसा आला, सुट्टी राहिली! नाताळची गर्दी ओसरल्यावर जानेवारीचे जे तीन आठवडे येतात त्यांना इथल्या बोलीत ‘जानेवारीचे भोक’ असे म्हणतात. लोकांचे खिसे रिकामे, हॉटेले रिकामी, आणि दिवस लहान पण बर्फ उत्तम. शाळेत न जाणारी मुले असतील त्यांनी हे भोक सोडू नये. शाळेच्या मुलांना मार्चचा उत्तरार्ध बरा. मात्र मग गाव उंचावरचे हवे.

सामानाविषयी थोडक्यात सांगते. वाढत्या मुलाला नवे स्की घेणे म्हणजे पैसे ओढ्यात टाकणे. दुकाने मुलांचे स्की-बूट अख्ख्या हिवाळ्यासाठी एकरकमी भाड्याने देतात. शिवाय ऑक्टोबर-नोव्हेंबरात गावोगावचे स्की-क्लब जुन्या सामानाचा बाजार भरवतात. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जूनमध्ये जुन्या पुस्तकांची जी उलाढाल चालते, अगदी तशीच. फळ्या जुन्या चालतात. बूट मात्र पायाला नीट बसलेच पाहिजेत, आणि डोक्याचे शिरस्त्राण कोणाचे आपटलेले घेऊ नये. इटलीत १८ वर्षांखालील मुलांना शिरस्त्राण आणि सर्वांना दुसऱ्याच्या नुकसानभरपाईचा विमा २०२२ पासून सक्तीचा आहे. शिरस्त्राण २०२५ च्या नोव्हेंबरपासून मोठ्यांनाही सक्तीचे झाले.

शिकवणीत काटकसर करू नये असे माझे मत आहे. नवऱ्याने बायकोला आणि बापाने मुलाला स्की शिकवणे ही कौटुंबिक कलहाची हमखास कृती आहे. लहान गावातल्या शिकवणीत एका वर्गात पाचसहाच मुले असतात आणि मास्तरांना तिसऱ्या दिवशी प्रत्येकाचे नाव पाठ असते.

खाण्याचा प्रश्न आपल्या लोकांना सोपा आहे. स्वयंपाकघर असलेले घर घ्यावे. डोंगरावरच्या उपाहारगृहात चौघांनी सूप आणि बटाटे खाल्ले, तर त्या पैशांत घरी दोन दिवसांचे जेवण होते. थर्मासमध्ये आमटी, डब्यात थालीपीठ, आणि उन्हाकडे तोंड करून ठेवलेले एक बाक! बाजूचे स्विस लोकही पाव-चीजची पुरचुंडी सोडत असतात, तेव्हा संकोच वाटायचे कारण नाही.

एवढे झाल्यावर खरा प्रश्न येतो: गाव निवडायचे कसे? स्वस्त गाव आणि बर्फ नाही, तर ती स्वस्ताई महागच. इथे भूगोलाच्या तासाला केलेले टिपण कामी येते. हवेचे तापमान दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, म्हणून उंची पहिली. उत्तरेकडे तोंड केलेला उतार ऊन टाळतो, म्हणून दिशा दुसरी. आणि तिसरा, बहुतेकांच्या ध्यानात न येणारा, वारा. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो आणि पलीकडे माणदेश कोरडा राहतो, तोच नियम बर्फालाही आहे. ऑस्ट्रियातल्या फोरार्लबेर्ग प्रांतातले डाम्यूल्स हे गाव जेमतेम चौदाशे मीटर उंचीवर आहे. पण वायव्येकडून येणारे ओले ढग त्या डोंगरांवर पहिल्यांदा आदळतात, आणि हिवाळाभरात पडणाऱ्या बर्फाची सरासरी बेरीज तिथे नऊ मीटरांच्या वर जाते. आल्प्सच्या पोटातल्या कोरड्या खोऱ्यांत त्याच उंचीवर याच्या निम्माही पडेल की नाही, शंका आहे.

वाऱ्याची अशीच कृपा असलेले दुसरे गाव म्हणजे फ्रान्समधले बोनव्हाल-स्युर-आर्क. त्याच्याविषयी थोडे सविस्तर लिहिलेच पाहिजे, कारण डोंगराच्या एका अंगाला बोनव्हाल आणि दुसऱ्या अंगाला वाल दिझेर. दोन्हींची उंची सारखीच, अठराशे मीटरच्या आसपास. मध्ये सुमारे २,७७० मीटर उंचीची इझेराँ खिंड. १९३७ साली तिच्यावरून रस्ता झाला. उन्हाळ्यात तीस किलोमीटरांवर ही गावे एकमेकांना भेटतात. हिवाळ्यात खिंड बंद, आणि मग वळसा सुमारे दोनशे किलोमीटरांचा. वाल दिझेरला १९९२ च्या ऑलिंपिकमधल्या शर्यती झाल्या, आणि तिथल्या भाड्यांविषयी न बोललेले बरे. बोनव्हालला रस्ता संपतो. काही मोजके पाळणे तीन हजार मीटरपर्यंत नेतात, घरांवर दगडी पाट्यांची छपरे आहेत, आणि संध्याकाळी सहानंतर करण्यासारखे काहीही नाही.

हे आपोआप घडले नाही. १९५७ च्या जूनमध्ये आर्क नदीच्या महापुराने हे खोरे उद्ध्वस्त केले आणि बोनव्हाल सोडून जाण्याची वेळ आली होती. जिल्बेर आंद्रे नावाचा तरुण त्याच्या आदल्याच वर्षी तिथला महापौर झाला होता. पुढे जवळजवळ चाळीस वर्षे तो त्या खुर्चीत राहिला. गाव हलू दिले नाही, विजेच्या तारा जमिनीखाली घालायला लावल्या, जुन्या वस्तीत उंच इमारत उभी राहू दिली नाही. १९६३ साली फ्रान्सचे पहिले राष्ट्रीय उद्यान या परिसरात, व्हानुआझला, झाले, त्यामागेही त्याची खटपट होती. पलीकडच्या बाजूचा पैसा पाहून गावकऱ्यांना त्याचा राग आला नसेल असे नाही. पण आज मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडणारे गाव तिथे शिल्लक आहे, ते त्या हट्टामुळे.

बोनव्हालला बर्फ येतो तो पुष्कळदा इटलीच्या बाजूने. भूमध्य समुद्रावरची ओली हवा पूर्वेकडून सीमेवर चढते आणि एका रात्रीत मीटरभर बर्फ टाकून जाते. अशा वेळी हिमस्खलनाच्या भीतीने रस्ताच बंद होतो. तिथे जाणाऱ्याने दोन दिवसांचे डाळ-तांदूळ जादा ठेवावेत. रेल्वे मोदानपर्यंत, पुढे बस.

(ज्यांना पाळणेही नकोत त्यांच्यासाठी ऑस्ट्रियाच्या पूर्व टिरोलमध्ये फिलग्राटेन नावाचे खोरे आहे. “आमच्याकडे या, आमच्याकडे काहीही नाही,” अशी त्यांची जाहिरातच आहे. आपल्याकडच्या कुठल्या पर्यटन खात्याला ही सुचेल असे वाटत नाही.)

दुसऱ्या प्रश्नाकडे वळायचे, तर सुरुवातीची एस. टी. पुन्हा आठवावी लागेल. जुन्या पाळण्याचे कर्ज फिटलेले असते खरे. पण एक दिवस तो पाळणाच म्हातारा होतो. नवा बसवायचा तर कोट्यवधींचा खर्च, आणि कर्ज देणारा पहिला प्रश्न विचारतो: पुढची तीस वर्षे बर्फ पडणार का? आल्प्समध्ये ढोबळ हिशेब असा करतात, की डिसेंबर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत किमान शंभर दिवस तीस सेंटिमीटर बर्फ टिकला तर गाव भरवशाचे. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २००७ साली पाच देशांतली ६६६ ठिकाणे या मापाने तपासली. ६०९ भरवशाची निघाली. तापमान एका अंशाने वाढले तर ५००, दोन अंशांनी ४०४ आणि चार अंशांनी २०२ उरतील, असा तो अंदाज होता. एका अंशाला बर्फाची रेषा साधारण दीडशे मीटर वर सरकते. कृत्रिम बर्फाची यंत्रे आहेत, पण त्यांना पाणी, वीज आणि मुख्य म्हणजे थंडी लागते, आणि भांडवलही. म्हणजे आधी मरतात ती सखल, लहान आणि स्वस्त गावे. श्रीमंतांची उंचावरची गावे सर्वांत शेवटी.

आकडे दूरचे वाटत असतील तर नावे सांगते. फ्रान्सच्या ओत-साव्हुआमधल्या आबोंदाँसने २००७ मध्ये पाळणे बंद केले. गाव ९३० मीटरवर, बर्फ येईना, तोटा सोसेना. काही वर्षांनी ते पुन्हा सुरू झाले. सेन गावाने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या ग्राँ प्वी या स्की-केंद्राविषयी चक्क मतदान घेतले आणि सत्तर टक्क्यांहून अधिक लोकांनी बंद करण्याच्या बाजूने कौल दिला. ज्या देशात १९५३ साली व्हान्व्हच्या एका शाळेचा वर्ग मास्तरांसह डोंगरावर नेऊन सकाळी पाठ आणि दुपारी स्की असा ‘बर्फवर्ग’ प्रथम भरला, आणि पुढे लाखो कामगारांच्या मुलांनी तसाच बर्फ पाहिला, त्या देशातली ही गोष्ट आहे. बालवर्गच बंद झाले तर वरच्या वर्गात फक्त खाजगी शिकवणीवाले दिसतील.

काही जणांनी तोडगा काढला आहे. २०१६ साली स्वित्झर्लंडमधल्या सास-फे या गावाने जाहीर केले, की ९९,९९९ लोकांनी आगाऊ नाव नोंदवले तर संपूर्ण मोसमाचा पास २२२ फ्रँकांना देऊ. पूर्वीची किंमत हजाराच्या आसपास होती. संख्या पुरी भरली नाही, तरी गावाने शब्द पाळला. पुढच्या वर्षी फ्रेंचभाषी स्वित्झर्लंडमधल्या पंचवीस ठिकाणांनी एकत्र येऊन ‘मॅजिक पास’ काढला. आगाऊ घेणाऱ्यास ३५९ फ्रँक. मोठ्या ठिकाणच्या आठवड्याच्या तिकिटाच्या आसपासचीच ही रक्कम. यातली युक्ती अशी, की पैसे बर्फ पडण्याआधी जमा होतात. एका गावात बर्फ नसला तर पासवाला दुसऱ्या गावात जातो आणि हिवाळा कोरडा गेला तरी कोणाची चूल विझत नाही. भिशी म्हणा, सहकार म्हणा. सहकारी साखर कारखान्यांच्या मुलखातल्या वाचकाला मी अधिक काय सांगावे! मात्र पास खपला म्हणून सातशे मीटरवर बर्फ पडू लागत नाही, हेही खरे.

आमचे स्वतःचे गाव सांगायचे राहिले. महाराष्ट्रातून येणारे प्रवासी युंगफ्राउयोखला ३,४५४ मीटरवरच्या स्थानकात उतरून आलेच हिमनदीसमोर छायाचित्रे काढतात. त्याच हिमनदीवरून वाटाड्याला घेऊन निघालेले कसलेले स्कीवाले पश्चिमेकडची एक खिंड चढतात आणि पलीकडच्या खोऱ्यात उतरतात. ते लोट्शेनताल. आम्ही अर्थात आगगाडीने जातो: बर्नहून सुमारे दीड तासात गोप्पेनश्टाइन, तिथून पिवळी पोस्टबस. मुलांचे वार्षिक कार्ड काढले की आईबापांबरोबर त्यांना तिकीट लागत नाही. विलर गावातून पाळणा लाउखेर्नआल्पला नेतो, पुढचा ३,१११ मीटरवर. उतार दक्षिणेकडचे आहेत, म्हणजे वर सांगितलेल्या नियमाविरुद्ध. पण उंची ती उणीव भरून काढते आणि मुलांना ऊन मिळते. समोर बीट्शहोर्न हे शिखर. १८५९ साली त्यावर प्रथम चढला तो लेस्ली स्टीफन. इंग्रजी विभागाच्या विद्यार्थ्यांना तो व्हर्जिनिया वुल्फचा बाप म्हणून ठाऊक असेल. फेब्रुवारीत इथे लाकडी मुखवटे आणि बकऱ्यांची कातडी घालून तरुण संध्याकाळी गल्ल्यांतून पोरांना घाबरवत फिरतात. कोकणातल्या शिमग्याची सोंगे पाहिलेल्याला हे परके वाटत नाही.

त्या खोऱ्यातले सर्वांत वरचे गाव ब्लाटेन. विलरहून बर्फातल्या पायवाटेने मुलांना घेऊन आम्ही तिथे दरवर्षी जात असू. २०२५ च्या १९ मे रोजी, वरचा डोंगर हलू लागल्याचे पाहून, तिथल्या सुमारे तीनशे लोकांना गुराढोरांसह हलवण्यात आले. २८ मे रोजी बिर्च हिमनदी तिच्यावर साचलेल्या दरडींसह खाली आली आणि काही क्षणांत गावाचा बहुतेक भाग गाडला गेला. एक माणूस मृत्यू पावला. लोंझा नदी तुंबली आणि उरलेली घरे पाण्यात बुडाली. वेळेवर माणसे हलवली नसती तर काय झाले असते, याचा विचार करवत नाही. ब्लाटेनच्या लोकांनी पुन्हा गाव वसवायचे ठरवले आहे. पाळण्यांचे उतार विलरच्या वर आहेत, ते सुखरूप राहिले.

आमच्या घरमालकीणबाईंची बहीण ब्लाटेनची. आता ती त्यांच्याकडेच राहते, आणि आम्ही ज्या दोन खोल्या घेत होतो त्या तिच्याकडे गेल्या आहेत. बाईंनी शेजारच्या घरातल्या खोल्या आमच्यासाठी बोलून ठेवल्या आणि पत्रात भाडे, तारखा आणि एवढेच लिहिले, की या हिवाळ्यात पाहुणे आले नाहीत तर खोऱ्याचे काही खरे नाही. आम्ही जानेवारीचा दुसरा आठवडा कळवला आहे. मुलीचे बूट पुन्हा लहान झालेत. ऑक्टोबरच्या बाजारात तेवढे पाहायचे आहेत.